आवाजाची कात्री आणि शिवण

पुणें-नगर रस्ता सोडून पारनेर तालुक्यांत आंत वळलें म्हणजे राळेगणसिद्धी हें गांव लागतें. जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे; या हकीकतीच्या वेळीं तें अहमदनगर होतें. सैन्यांतून निवृत्त होऊन १९७५ सालीं गांवीं परतलेल्या अण्णा हजारे यांनीं तेथें यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, पावसाचें पाणी शिवारांत अडविलें, आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान ही पंचसूत्री गांवकऱ्यांच्या गळीं उतरविली. हें सारें ग्रामसभेंत झालें. चारचौघांसमक्ष बोललेला शब्द हाच तेथें दस्तऐवज.

२०११ सालच्या एप्रिल महिन्यांत ही रीत दिल्लीस जाऊन पोंचली. ५ एप्रिल रोजीं अण्णांनीं जंतरमंतर येथें उपोषण आरंभिलें. ९ तारखेस तें सुटलें तें लोकपाल विधेयकाचा मसुदा करण्यासाठीं सरकार व नागरिक यांची संयुक्त समिति नेमली गेल्यावरच. समितीची पहिली बैठक १६ एप्रिलला झाली. बंद दाराआड काय बोलणें होतें तें लोकांना कळावें, हा अण्णांच्या बाजूचा आग्रह होता. आणि बैठकींचें ध्वनिमुद्रण करावयाचें हें सरकारनेंहि मान्य केलें. लेखी वृत्तांतांत शब्द फिरविता येतो, आवाजांत फिरविता येत नाहीं, असा त्यामागचा भोळा पण प्रामाणिक विश्वास.

आणि त्याच आठवड्यांत दिल्लींतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून एक तबकडी फिरूं लागली. समितीचे सहअध्यक्ष, ज्येष्ठ विधिज्ञ शांतिभूषण यांचें दोन पुढाऱ्यांशीं झालेलें म्हणून एक संभाषण तींत होतें. तें खरें असतें तर समितीचा पायाच खचला असता. शांतिभूषण यांनीं असें संभाषण कधीं झालेंच नसल्याचें सांगितलें. त्यांच्या बाजूनें पुढें जें मांडण्यांत आलें तें मात्र नुसत्या इन्काराहून निराळें होतें: या तबकडींतील कांहीं वाक्यें पांच वर्षांपूर्वींच्या, २००६ सालच्या दुसऱ्याच एका ध्वनिमुद्रणांतून जशींच्या तशीं उचलून येथें चिकटविलीं आहेत, असा तो आक्षेप होता. म्हणजे आवाज खरा, शब्द खरे, बोलणाराहि खरा. खोटी फक्त शिवण.

एका बाजूस सत्याचा पुरावा म्हणून आवाज मागितला जात होता, आणि दुसऱ्या बाजूस आवाज हा पुरावा कितपत धरावा याचाच वाद माजला होता. आवाज कापणें, उचलणें, दुसरीकडे नेऊन जोडणें ही विद्या मनुष्याच्या हातीं आली कधीं व कशी, याची कहाणी त्या तबकडीहून पुष्कळ जुनी आहे. आणि तिचीं कांहीं महत्त्वाचीं पानें मुंबई-पुण्यांतच लिहिलीं गेलीं.

१८७७ सालीं एडिसननें जस्ताच्या नव्हे, कथलाच्या पातळ पत्र्यावर बोलणें कोरून दाखविलें तेव्हां तें कोरलेलें बोलणें कापण्याचा प्रश्नच नव्हता. पुढें मेणाचे नळे आले, बर्लिनरची सपाट तबकडी आली. पण रेघ एकदां कोरली कीं ती अखंड. तींतला एखादा शब्द नको झाला तर सगळी तबकडी टाकून पुन्हां पहिल्यापासून गावें लागे. नोव्हेंबर १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान हिचें गाणें घेतलें. गाण्याच्या शेवटीं ती आपलें नांव इंग्रजींतून मोठ्यानें सांगते, तें अभिमानानें खास. पण व्यवहार असा होता कीं तबकड्या छापल्या जात जर्मनींत हॅनोव्हर येथें, आणि तेथील कारागिरांना गाणारें कोण हें कळण्यास दुसरा सोपा मार्ग नव्हता. नांवाची चिठ्ठी सुद्धां त्याच अखंड रेघेंत कोरावी लागे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. तासभर राग आळविणाऱ्या गवयास तीन मिनिटें म्हणजे तोंड धुण्याचा वेळ. म्हणून त्या काळीं कात्री यंत्रांत नव्हती, गायकाच्या गळ्यांत होती. काय ठेवावें, काय गाळावें, तान कोठें तोडावी हें गातांनाच ठरवावें लागे. अब्दुल करीम खांसाहेबांच्या किंवा बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकतांना जें एक घट्टपण जाणवतें त्याचें निम्में श्रेय या सक्तीस द्यावयास हरकत नाहीं. केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत जी सोनेरी तबकडी पाठविली तींत भारताचें म्हणून तेवढेंच एक गाणें आहे. जयपूर घराण्याचा सगळा डौल साडेतीन मिनिटांत बसविला, आणि तोहि कोठें सांधा न दिसतां, ही कापण्याची विद्या पुढें कोणत्याहि यंत्राला साधलेली नाहीं.

आवाजावर खरी कात्री प्रथम चालली ती बोलपटांत. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ लागला, आणि पुढच्या वर्षीं कोल्हापुरांत ‘प्रभात’नें ‘अयोध्येचा राजा’ काढून मराठीला वाचा दिली. या तंत्रांत आवाज प्रकाशानें फिल्मच्या कडेला लिहिला जातो. बोलण्याच्या चढउतारांबरोबर कधीं दाट तर कधीं विरळ, किंवा कधीं रुंद तर कधीं अरुंद अशी ती प्रकाशाची पट्टी असते. आवाज डोळ्यांना दिसूं लागला, आणि दिसूं लागला म्हणून कापतां येऊं लागला. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रें या वेगानें जाते, म्हणजे सेकंदाचें बोलणें सुमारें ४५ सेंटिमीटर लांब. दर्जी कापड मोजतो तसें मोजावें, कापावें, डिंकासारख्या द्रवानें जोडावें.

पण जोडलें कीं सांध्यावर ‘धप्प’ असा आवाज येई. फिल्मची चीर प्रकाशाच्या वाटेंत येतांच यंत्राला तोहि एक ध्वनीच वाटे. यावर तोड निघाली ती अगदीं घरगुती: सांध्यावर काळ्या शाईनें एक निमुळता ठिपका रंगवावयाचा, म्हणजे प्रकाश एकदम न तुटतां हळूहळू मंद होई व पुन्हां हळूहळू वाढे, आणि कानाला धक्का बसत नसे. हा शाईचा ठिपका विसरूं नये. संगणकाच्या युगांत तोच दुसऱ्या नांवानें परत भेटतो.

‘प्रभात’मध्यें ध्वनीची बाजू सांभाळीत ते विष्णुपंत दामले. पेणचा हा मनुष्य मूळचा कलाकार व यंत्रांचा भोक्ता. १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ त्यांनीं फत्तेलाल यांच्याबरोबर दिग्दर्शित केला व तो पुढच्या वर्षीं व्हेनिसला गौरविला गेला, हें सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच दामल्यांनीं मराठी आवाज फिल्मवर नीट उतरावा म्हणून जी खटपट केली ती पडद्यावर दिसत नाहीं म्हणून विस्मृतींत गेली. ‘प्रभात’ १९३३ सालीं पुण्यास आली. ज्या आवारांत ती नांदली त्या आवारांत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची संस्था आहे आणि आवाज कापण्या-जोडण्याचे धडे तेथें आजहि दिले जातात.

युरोपांत मात्र एका माणसानें या प्रकाशपट्टीचा वेगळाच उपयोग करून पाहिला. वॉल्टर रुटमान या जर्मन दिग्दर्शकानें १९३० सालीं ‘वीकएंड’ नांवाचा एक चित्रपट केला, ज्यांत चित्र नाहींच. करवतीची खरखर, टंकलेखनयंत्र, आगगाडी, कोंबड्याचें आरवणें, पोरांचे आवाज, चर्चची घंटा असे तुकडे कापून व एकास एक जोडून त्यानें बर्लिनच्या सुट्टीचे अकरा-एक मिनिटांचें वर्णन उभें केलें. १३ जून १९३० रोजीं तें बर्लिनच्या नभोवाणीवरून ऐकविण्यांत आलें. जें कोठेंच एका जागीं, एका वेळीं वाजलें नव्हतें तें श्रोत्यांनीं एका ओळींत ऐकलें. कलेच्या दृष्टीनें हा विजय. पण शांतिभूषण यांच्या तबकडीविषयीं पुढें जो आक्षेप आला त्याचें बीज याच दिवशीं रुजलें.

नभोवाणीच्या घरीं तेव्हां असें कांहीं नव्हतें. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. व्याख्याता यावयाचा, ध्वनिग्राहकापुढें बसावयाचा, आणि जें बोलेल तें त्याच क्षणीं घरोघर जावयाचें. खोकला आला तर खोकलाहि जावयाचा. विलायतेंत बी. बी. सी.नें तिसाव्या दशकाच्या आरंभीं पोलादी फितीचें यंत्र वापरून पाहिलें. डेन्मार्कच्या पौलसननें १८९८ सालींच पोलादी तारेवर चुंबकत्वानें आवाज साठवून दाखविला होता, त्याचाच हा वंशज. ही फीत सेकंदाला दीड मीटर वेगानें धांवे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला पावणेतीन किलोमीटर पोलाद लागे. तिच्या पात्यासारख्या कडा हाताला लागल्या तर बोट जावयाचें. शब्द कापावयाचा तर पत्रा कापण्याची कात्री, आणि जोडावयाचा तर डाग द्यावयाचा. संपादकाचें काम लोहाराकडे गेलें होतें म्हणावयाचें.

फरक पडला तो जर्मनांनीं पोलादाऐवजीं लोहकणांचा लेप दिलेली हलकी फीत काढली तेव्हां. फ्रिट्झ फ्लॉयमरनें १९२८ सालीं कागदावर हा लेप दिला. १९३५ च्या बर्लिन प्रदर्शनांत ‘मॅग्नेटोफोन’ हें यंत्र लोकांपुढें आलें. महायुद्ध संपतांच जॅक मलिन या अमेरिकन सैनिक-अभियंत्यानें दोन यंत्रें सुटीं करून घरीं पाठविलीं आणि १९४६ च्या मे महिन्यांत सॅन फ्रान्सिस्कोच्या अभियंत्यांना तीं ऐकविलीं. बिंग क्रॉस्बी हा त्या देशाचा लाडका गवई. दर आठवड्याला ठरल्या वेळीं प्रत्यक्ष गाण्याचा त्याला कंटाळा होता. १९४७ च्या हंगामापासून त्याचा कार्यक्रम फितीवर आधीं घेतला जाऊं लागला, मलिन कात्री घेऊन बसे, आणि श्रोत्यांना कधीं कळलेंहि नाहीं.

मलिननें पुढें सांगितलेली एक आठवण येथें सांगण्यासारखी आहे. एकदां एका विनोदी नटानें शेतवाडीवरच्या अशा कांहीं चावट गोष्टी सांगितल्या कीं प्रेक्षक पोट धरधरून हंसले. गोष्टी प्रक्षेपित करण्याजोग्या नव्हत्या, त्या कापल्या; पण हंसें जपून ठेवलें. कांहीं आठवड्यांनीं एक प्रवेश फारच निरस झाला. तेव्हां जपलेलें हंसें काढलें आणि तेथें चिकटविलें. ज्या विनोदाला कोणी हंसलें नव्हतें त्याला शेंकडों लोक हंसले! पुढें घरोघर दिसणाऱ्या विनोदी मालिकांतलें डबाबंद हास्य तें हेंच. त्यांत कोणी फसलें म्हणावें तर कोणाचें नुकसान झालें हें सांगतां येत नाहीं, आणि कोणी फसलें नाहीं म्हणावें तर हंसणारे खोटे होते हें तर खरेंच.

कागदी-प्लास्टिकच्या फितीनें नभोवाणीचें सारें रूप पालटलें. पुण्याचें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें, आणि भारतांतल्या केंद्रांकेंद्रांवर पुढचीं तीस-चाळीस वर्षें फीत हेंच चलन होतें. मोठ्या यंत्रावर ती सेकंदाला ३८ सेंटिमीटर चाले. म्हणजे एक ‘परंतु’ हातभर नव्हे तरी वीतभर लांब. कार्यक्रमाधिकारी फितीच्या दोन्ही चक्र्या हातानें पुढेंमागें हळूहळू फिरवी. शब्द घोगऱ्या आवाजांत लोळत बाहेर पडत. जेथें खोकला सुरू होतो तेथें फितीच्या पाठीवर पिवळ्या किंवा पांढऱ्या पेन्सिलीची खूण. मग धातूच्या पन्हळींत फीत बसवून पातें तिरकें, ४५ अंशांच्या कोनांत चालवावयाचें. तिरकें कां? सरळ कापलें तर एक आवाज संपून दुसरा एका क्षणांत सुरू होतो आणि ‘टक्’ असें वाजतें. तिरकें कापलें म्हणजे पहिला विरत विरत दुसरा चढत जातो. फिल्मवरच्या शाईच्या ठिपक्याचाच हा भाऊ.

कसबी मनुष्य श्वास कधीं कापीत नसे. वाक्याआधीं माणूस श्वास घेतो तो काढून टाकला तर भाषण सुरळीत होतें, पण ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो. कां तें त्याला सांगतां येत नाहीं. खोलीची शांतता सुद्धां निराळी फितीवर घेऊन ठेवीत, कारण कोणत्याहि दोन खोल्यांची शांतता सारखी नसते. दोन शब्दांमध्यें कोरी फीत जोडली तर तेथें भोंक पडल्यासारखें वाटे. म्हणून त्याच खोलीच्या शांततेचा तुकडा जोडावा लागे.

मात्र या साऱ्या कसबाला एक मर्यादा होती. फितीचा तुकडा एक होता. तो येथून काढला म्हणजे येथें उरत नसे. तेथें जोडला म्हणजे तेथें हाताला सांधा लागे. दुसरी प्रत हवी तर दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावी लागे, आणि प्रत मुळाहून किंचित् मळकट होई. चोरी करतां येत होती. पण माग राहत होता.

हा माग न्यायालयांनीं ओळखला, आणि त्याचे दोन मोठे खटले मुंबईचे आहेत. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रकरणांत मुंबई महापालिकेच्या कारकुनास लांच देऊं केल्याचा आरोप होता. कारकुनानें पोलिसांस कळविलें. त्याच्या घरीं पुस्तकांच्या आड ध्वनिग्राहक लपविला गेला, यंत्र आंतल्या खोलींत ठेवलें, आणि लांच देणारा जें बोलला तें फितीवर उतरलें. न्यायालयानें फीत पुरावा म्हणून धरली. पण तिच्यावरचा मजकूर सहज पुसून दुसरा लिहितां येतो, म्हणून तिचा स्वीकार सावधपणें करावा, आणि ती मोहोरबंद ठेवणें बरें, असें बजावलें. त्या प्रकरणांतली फीत मोहोरबंद नव्हती. तरी ती इकडची तिकडे झालेली नाहीं याविषयीं न्यायालयाची खात्री पटली.

दुसरें प्रकरण अधिक गाजलेलें. मुंबईचे मृत्युअन्वेषक अधिकारी, म्हणजे कॉरोनर, असलेल्या डॉक्टर मलकानी यांचें १९६४ सालचें दूरध्वनीवरील बोलणें पोलिसांनीं यंत्र जोडून मुद्रित केलें. १९७२ च्या सप्टेंबरांत न्यायमूर्ति राय यांनीं निकाल लिहिला: असें मुद्रण म्हणजे घडल्या घटनेच्या छायाचित्रासारखें आहे; पण बोलणें प्रस्तुत प्रकरणाशीं संबद्ध असलें पाहिजे, आवाज कोणाचा हें ओळखलें गेलें पाहिजे, आणि फीत पुसली गेली असण्याची शक्यता दूर करून तिचा खरेपणा सिद्ध झाला पाहिजे. या तीन कसोट्या भारतांतल्या प्रत्येक न्यायालयांत पुढें उच्चारल्या गेल्या. छायाचित्राची उपमा मात्र जरा घाईची वाटते. छायाचित्रांतल्या माणसाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर चिकटविला तर डोळा बहुधा ओळखतो. कान त्या मानानें फार विश्वासू प्राणी आहे.

योगायोग असा कीं त्याच १९७२ सालच्या एका फितीनें अमेरिकेचें अध्यक्षपद हालविलें. २० जूनच्या निक्सन यांच्या संभाषणांतलीं साडेअठरा मिनिटें पुसलेलीं निघालीं. सहा तज्ज्ञांचें मंडळ बसलें. यंत्राचें डोकें फितीवर टेंकतांना व उचलतांना जी सूक्ष्म चुंबकी खूण उमटते ती पाहून त्यांनीं १९७४ सालीं सांगितलें कीं हें एका चुकीचें काम नव्हे. किमान पांच वेळां हातानें कळ दाबून हें पुसलें आहे. त्या सहांपैकीं एक टॉमस स्टॉकहॅम. आणि याच स्टॉकहॅमनें पुढच्या वर्षीं ‘साउंडस्ट्रीम’ ही संस्था काढून आवाज आंकड्यांत उतरविण्याचा व ते आंकडे संगणकावर कापण्याजोडण्याचा पहिला व्यवहार्य कारखाना उघडला. ज्यानें फितीवरचा माग शोधून दाखविला त्यानेंच पुढें माग न ठेवणारी कात्री घडविली. यांत त्याचा दोष कांहीं नाहीं. पण इतिहासाला अशा गमती सुचतात खऱ्या.

आंकड्यांत आवाज म्हणजे काय? हवेच्या दाबाचें माप सेकंदाला हजारों वेळां घ्यावयाचें. सामान्य तबकडीवर ४४,१०० वेळां. आवाज म्हणजे मग एक लांबलचक आंकड्यांची माळ. संगणकाच्या पडद्यावर ती डोंगरदऱ्यांसारखी दिसते: शब्द तेथें उंचवटा, मौन तेथें सपाटी. हवा तो भाग ओढून निवडावयाचा, ‘कॉपी’ म्हणावयाचें, खूण दुसरीकडे नेऊन ठेवावयाची आणि ‘पेस्ट’ म्हणावयाचें. हे दोन शब्द लेखनाकडून आले. हस्तलिखिताचे परिच्छेद कात्रीनें कापून खळीनें चिकटविण्याची संपादकांची जुनी रीत लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनीं १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत संगणकावर आणली. १९८९ च्या सुमारास ती आवाजासाठीं घरगुती संगणकावर आली. आणि २८ मे २००० रोजीं ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली फुकट वांटली गेल्यावर शाळकरी पोराच्या हातांतहि ती पडली.

येथें जी क्रांति झाली ती कात्रीची नव्हे, प्रतीची. फितीवर कापणें हा मूळ व्यापार होता. संगणकावर उचलणें हा मूळ व्यापार आहे. उचललेला तुकडा मूळ जागींहि राहतो आणि नव्या जागींहि जातो. हवा तितक्या वेळां चिकटवा, शंभरावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ. बरीच नवीं यंत्रें तर तुकडा खरोखर हालवीतहि नाहींत. ‘या क्षणापासून त्या क्षणापर्यंतचें येथें वाजवा’ एवढी टीप ठेवतात. सांधा कोठें करावा? लाट चढतांना वा उतरतांना शून्य रेषा जेथें ओलांडते तेथें, नाहीं तर पूर्वींसारखेंच ‘टक्’ वाजतें. आणि दोन तुकडे कांहीं सहस्रांश सेकंद एकमेकांवर चढवून एक विरवीत दुसरा वाढवावयाचा. शाईचा ठिपका, तिरकें पातें, आणि हें. तिघांचें काम एकच.

मग शिवण सांपडावी कशी? पहिली खूण अर्थांत शब्दांचीच. कोणताहि मनुष्य तेंच वाक्य दोनदां तितक्याच अंतरानें, त्याच श्वासानें, त्याच ओढणीनें बोलत नाहीं. दोन वेगळ्या दिवसांच्या म्हणून सांगितलेल्या मुद्रणांत एखादा तुकडा तंतोतंत जुळला तर तो एकाच झाडाचें पान आहे. २०११ च्या वादांत आक्षेपाचा जोर होता तो याच मुद्द्यावर. दुसरी खूण खोलीची: पंखा, रस्ता, भिंतीवरून परतणारा नाद. तिसरी खूण मोठी मनोरंजक आहे. भारतांत वीज सेकंदाला पन्नास आंदोलनांनीं येते, पण नेमकी पन्नास कधींच नसते. मागणीप्रमाणें ती किंचित् खालींवर होते, आणि एका वीजजाळ्यांत ती सगळीकडे एकाच वेळीं तशी होते. ही बारीक गुणगुण मुद्रणांत शिरते. रुमानियाच्या ग्रिगोरास या तज्ज्ञानें या शतकाच्या आरंभीं असें दाखविलें कीं त्या गुणगुणीचा आलेख विजेच्या नोंदींशीं ताडून मुद्रण कोणत्या वेळचें हें सांगतां येतें, आणि मध्यें तुकडा बसविला असेल तर गुणगुण तेथें अडखळते.

पण विद्या असली म्हणजे एकमत होतेंच असें नाहीं. हैदराबादच्या एका खासगी प्रयोगशाळेनें ती तबकडी तुकडे जोडून बनविलेली आहे असें सांगितलें. दिल्लीच्या सरकारी प्रयोगशाळेचें मत याच्या उलट असल्याचें वृत्तपत्रांत आलें. तबकडी म्हणजे प्रतीची प्रत. मूळ मुद्रण कोठें, यंत्र कोणतें, हें हातीं नसलें म्हणजे तज्ज्ञहि ऐकणाराच होतो. मलकानी प्रकरणांत फीत होती, यंत्र होतें, कळ दाबणारा साक्षीदार होता. येथें आवाज तेवढा होता. समितीच्या बैठका जूनपर्यंत चालल्या, मसुदे दोन झाले, ऑगस्टमध्यें पुन्हां उपोषण झालें. आणि २०१३ च्या डिसेंबरांत लोकपालाचा कायदा संमत झाला तेव्हां अण्णा राळेगणसिद्धीस यादवबाबांच्या देवळापाशीं उपोषणास बसलेले होते.

कायदा मागून चालत येतो. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उमेदवारी अर्ज वेळेंत आला कीं नाहीं हा तंटा झाला, आणि त्यांत पुढें आलेल्या चित्रमुद्रणांवरून १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं मूळ उपकरणच हजर केलें नसेल तर अशा मुद्रणासोबत तें कोणत्या उपकरणांतून कसें निघालें याचें प्रमाणपत्र असलेंच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या साक्ष अधिनियमानें त्या प्रमाणपत्रांत एक आंकडाहि मागितला आहे. सगळ्या माळेवरून गणितानें काढलेला हा आंकडा असा असतो कीं एक मणी बदलला तरी तो पार बदलतो. १९६७ सालची लाखेची मोहोर ती हीच, नव्या वेषांत. मात्र तबकडी बाजारांत येण्याआधीं मोहोर लागली असेल तरच तिचा उपयोग. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळीं, पुढाऱ्यांच्या म्हणून सांगितलेल्या आवाजांचे तुकडे महाराष्ट्रभर फिरले. ज्यांचे म्हणून ते सांगितले त्यांनीं ते बनावट असल्याचें जाहीर केलें, आणि तपासणाऱ्यांपैकीं कांहींनीं ते यंत्राच्या कृत्रिम बुद्धीनेंच बोलविलेले असावेत असा कौल दिला. उचलून चिकटविण्यासाठीं मूळ वाक्य निदान कधीं तरी कोणी बोललेलें लागतें. येथें तेंहि लागत नाहीं.

याच काळांत पुण्यांत एक निराळेंच ध्वनिभांडार तयार झालें आहे. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनीं महाराष्ट्रांतल्या हजारांहून अधिक खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखावर आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीततंत्रज्ञानें त्यांपैकीं कांहीं हजार ओव्या बायांच्या प्रत्यक्ष आवाजांत मुद्रित केल्या. मुद्रण शंभर तासांहून अधिक भरलें. लेखी संग्रहांत प्रत्येक ओवीला आपला क्रमांक आहे, विषय आहे, गांव आहे. पण गातांना बाई ओव्या मोजून गात नाहीं. एक ओवी संपते न संपते तों पालुपदाच्या ओढीनें दुसरी सुरू होते, शेजारीण मध्येंच साथ धरते, कोणी आठवणीनें थांबतें, आणि खालीं जात्याची घरघर एकसारखी चालू असते. क्रमांकाची ओवी त्यांतून वेगळी काढावयाची म्हणजे ती घरघर कोठें तरी तोडावी लागते. आणि जातें अर्ध्या फेऱ्यावर असतांना तोडलें तर ऐकणाऱ्याला तें लगेच कळतें.